तिसऱ्या घंटेची जागा

“थांबा! सगळे थांबा! मेव्हिस, तू परत चारच्या डोक्यावर आदळलीस.”

“मी नाही आदळले. चार उशिरा आली.”

“चार वेळेवर होती.”

“बरं. मी वेळेवर, चारही वेळेवर, आणि दोघी एकदम वाजल्या. मग हा चमत्कारच झाला, क्लेम. व्हिकरला वर बोलाव, त्याला रविवारच्या प्रवचनाला विषय मिळेल.”

“त्याच्याआधी दोनवर आदळलीस.”

“दोन घाईत होती.”

दोन म्हणजे दुसऱ्या घंटेच्या दोरावरची मी. मी घाईत नव्हते. पण या दोघांच्या भांडणात तिसऱ्याने तोंड उघडायचं नसतं, हे मी मनोऱ्याच्या पायऱ्या पहिल्यांदा चढले त्याच दिवशी मला कळलं होतं. मी आपली दोराचं टोक गुंडाळत राहिले.

“मेव्हिस प्रॉबर्ट,” क्लेम म्हणाला. त्याने आडनावासकट हाक मारली, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. “सुगीच्या रविवारी आपल्याला पाऊण तास न थांबता वाजवायचंय. अख्खं खोरं ऐकणार. त्या दिवशी तिसरीवर तू नसशील.”

“मग कोण असेल? तुझा ट्रॅक्टर?”

“ट्रॅक्टर परवडला. त्याला निदान गुर्मी नसते. तू आजूबाजूला बघतच नाहीस! उन्हाळ्यापासून बघत नाहीस. आपलं आपलं वाजवतेस, जसं काही आम्ही बाकीचे खुंट्यांना टांगलेले कोट आहोत.”

मेव्हिसने दोर सोडला, कोट घेतला (तो खरंच खुंटीला टांगलेला होता) आणि दाराशी जाऊन वळली. “माझे डोळे उत्तम आहेत. बुधवारी चष्मेवाल्याकडे जाते आणि तसं छापून आणते. मग ते तुझ्या टोपीत लावून फीर.”

आमच्या खोऱ्यात घंटांवर गाणी वाजवत नाहीत. सहा घंटा, सहा माणसं, सहा दोर. प्रत्येक फेरीत प्रत्येक घंटा एकदाच वाजणार, आणि दर फेरीत क्रम बदलणार; तोही ठरलेल्या रीतीने, सगळं डोक्यात, समोर कागद नाही. घंटा वर अंधारात असतात, त्या कुणाला दिसत नाहीत. आम्ही गोल उभे राहतो आणि एकमेकांचे दोर बघतो. कुणाचा दोर खाली निघाला, त्याच्यामागे आपला. आणि हे मान न वळवता, समोर बघत, कडेकडेने टिपायचं. ज्याला ते साधतं तो घंटावाला. ज्याला साधत नाही तो खाली बाकावर बसून प्रार्थना म्हणतो.

मेव्हिसला ते विशीतच साधलं होतं. एकसष्टाव्या वर्षी ती तिसरीवर उभी राहायची, बुटकी, गोल, बाह्या वर केलेल्या, आणि तीनशे किलोची ती घंटा दोन बोटांनी चहा ढवळावा तशी फिरवायची. दिवसा ती टपालाची लाल गाडी चालवायची. सफरचंदांच्या बागांमधून जाणारे आमचे रस्ते इतके अरुंद, की समोरून मेंढी आली तरी एकाला मागे जावं लागतं. त्या रस्त्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला ती नावाने ओळखायची आणि त्यातल्या निम्म्यांना शिव्या द्यायची.

तर अशा मेव्हिसच्या गाडीचे आरसे त्या उन्हाळ्यात फुटले. दोन्ही बाजूंचे. “कुंपणं वाढलीत,” ती म्हणाली. दुकानात बायका कुजबुजू लागल्या: मेव्हिसला शिष्टपणा आलाय, फुटपाथवरून हात केला तर बघत नाही. कुणी तिला विचारलं मात्र नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. कुणी आपल्याशी बोलेनासं झालं तर त्याच्याकडे काहीतरी कारण असणार असं मानायचं, आणि नाताळपर्यंत वाट बघायची.

बुधवारी मीच तिला बाजारच्या गावाला घेऊन गेले, कारण आरशांशिवाय मोठ्या रस्त्यावर गाडी न्यायला तिला मनाई होती. ती चष्म्याच्या दुकानात शिरली, मी पाव आणायला गेले. परत आले तर ती फुटपाथवर उभी, चेहरा उजळलेला.

“काय झालं?”

“बटण फार छान दाबते म्हणाला.”

“म्हणजे डोळे चांगले?”

“बटण चांगलं दाबणाऱ्या बाईचे डोळे वाईट असतील का गं?”

मला ते पटलं. मंगळवारी सरावाला सगळे वर जमलो तेव्हा क्लेमला मात्र पटलं नाही.

क्लेमेंट गॉफ आमच्या मनोऱ्याचा कप्तान. जन्मभर शेतीची यंत्रं दुरुस्त केलेली, त्यामुळे जगात बिघाड असणारच आणि तो आपल्याला सापडणारच अशी त्याची खात्री. सगळ्यात जड, सहावी घंटा त्याची. वाजवून झालं की तो दोर बांधतो आणि एकेकाजवळ जाऊन त्याची चूक सांगतो. राणीच्या राज्यारोहणाच्या वर्धापनदिनाला आम्ही तीन तास बिनचूक वाजवलं, खाली लोक टाळ्या वाजवत होते, आणि हा वर एकेकाला चुका सांगत होता. चूक न सांगता त्याने कुणाला सोडल्याचं मनोऱ्यात कुणाच्याही आठवणीत नाही.

“बटण कसलं?” त्याने विचारलं.

“अरे, एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं. एक डोळा झाकायचा. मधल्या दिव्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक ठिपके चमकतात. ठिपका दिसला की बटण. ठिपका, बटण. ठिपका, बटण.”

“कुठल्या वेगाने येतात ठिपके?”

“आपल्याच. तिसरीच्या.” तिने हवेत अंगठा हलवून दाखवला. एकसारखा, ठाय लयीत, घड्याळाला लाजवेल असा.

क्लेम त्या अंगठ्याकडे बघत राहिला. “मेव्हिस, तुला ठिपके दिसत होते, की तू ताल धरला होतास?”

“दिसत—” अंगठा थांबला. “पहिले चारपाच दिसले. मग हात आपोआप चालतो ना रे. तुला माहितीय कसं असतं ते.”

“आणि चष्मेवाला नक्की काय म्हणाला? बटणाचं सोड.”

“म्हणाला, पुढच्या आठवड्यात परत या. आजची तपासणी धरता येणार नाही, ठिपका नसतानाही तुम्ही दाबत होता. मला वाटलं त्याचं मशीन बिघडलंय.”

“बाई गं!” पलीकडून एल्विन म्हणाला. एल्विन आमचा खाटीक, चौथीवर वाजवणारा. “अगं, म्हणजे त्याने तुला नापास केलंय!”

“तू गप. तूच उशिरा येतोस.”

“कुणीच उशिरा येत नाही,” क्लेम हळू म्हणाला. त्याचा आवाज हळू झालेला मी प्रथमच ऐकत होते. “मी आठवडाभर विचार करतोय. तू दोनवर आदळतेस, चारवर आदळतेस. माझ्यावर एकदाही नाही. मी तुझ्या नेमका समोर असतो. जा, तुझ्या जागेवर उभी राहा.”

“घंटा झुलवायला घेऊ?”

“दोराला हात लावू नकोस. नुसती उभी राहा. माझ्या नाकाकडे बघ.”

“किती वर्षं तेच बघतेय. वाढतच चाललंय.”

“बघ आणि नजर हलवू नकोस. बाकीच्यांनी मनात येईल तेव्हा हात हलवायचा. बोलायचं नाही. मेव्हिस, ज्याचा हात दिसेल त्याचा नंबर सांग.”

आम्ही आपापल्या दोराशी उभे राहिलो. पोरांचा खेळ असावा तसं हसू येत होतं.

“सहा. नाक खाजवतोयस.” “एक.” “पाच.” “पाच परत. ऑट्रे, एवढा जोरात हलवू नकोस, खांदा निखळेल.” “सहा.” “एक.”

मग ती गप्प झाली. समोर बघत राहिली.

“चला की,” ती म्हणाली. “का थांबलात?”

आम्ही थांबलो नव्हतो. तिच्या उजव्या हाताला मी उभी होते आणि रेल्वेच्या फाटकात निशाण हलवावं तसा हात हलवत होते. डाव्या हाताला एल्विन आधी एक हात, मग दोन्ही, मग टोपी काढून टोपी हलवू लागला. शेवटी त्या पोक्त माणसाने कानांशी हात नेऊन गाढवाचे कान केले. एरवी यावर मेव्हिसने त्याला पायऱ्यांवरून खाली पाठवला असता.

“अरे हलवा ना कुणीतरी!”

माझ्या स्वेटरची बाही फाटकी होती, ती दोराला घासली. मेव्हिसने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि तिला माझा हात दिसला, वर, हवेत.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“मघापासून.”

तिने डाव्या बाजूला बघितलं. एल्विनचे गाढवाचे कान अजून तसेच होते, बिचारा ते खाली घ्यायला विसरला होता.

मेव्हिस बाकावर बसली. “आणि मी म्हणतेय कुंपणं वाढलीत,” ती म्हणाली.

क्लेमने थर्मासमधला चहा ओतला, त्यात तीन चमचे साखर घातली आणि तिच्या हातात दिला. मेव्हिस साखर घेत नाही. तिने तो सगळा प्यायला. मग क्लेमने हात पुढे केला.

“किल्ली.”

“उद्याचं टपाल?”

“किल्ली दे, मेव्हिस.”

तिने दिली. कसलीही कुरकुर न करता दिली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

चष्मेवाला टोबायस चांगला पोरगा. दुसऱ्या खेपेला त्याने शेजारी स्टूल घेतलं, मशीनचा वेग मधेमधे बदलत राहिला आणि मेव्हिस “लबाडा!” म्हणत राहिली. या वेळी निघालेलं चित्र आम्हालाही कळलं. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे अर्धे भाग काळे, खिडकीचे पडदे अर्धे ओढून घ्यावेत तसे. टोबायसने त्याच दुपारी मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. मग ती बोगद्यासारखी तपासणी झाली, जिच्यात माणसाला आडवं घालून कानाशी धडधड करतात. मेव्हिस बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. “काही रीतच नाही त्यांना. तिसरा ठोका सारखा मागे पडत होता.”

सर्जन बाई होत्या, डॉक्टर मकीव्हर, स्कॉटलंडच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. आम्ही तिघं आत गेलो, कारण क्लेम “मी बाहेर बसतो” म्हणत आमच्यामागे आत आला. पडद्यावर मेव्हिसच्या डोक्याचा फोटो होता.

“दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूकडे जाताना इथे एकमेकींना ओलांडतात,” डॉक्टर म्हणाल्या. “कडेचं जे दिसतं ते नेणारे धागे नेमके या ओलांडणीतून जातात. आणि ही गाठ खालून तिलाच वर ढकलतेय.”

“केवढी आहे?” क्लेमने विचारलं.

“चेरीएवढी. हिचं नाव क्रेनिओफॅरिंजिओमा.”

“हे तर एखाद्या नव्या वाजवण्याच्या रीतीचं नाव वाटतंय,” मेव्हिस म्हणाली. “आठ घंटांची. आपल्याला जमायची नाही, क्लेम.”

“फार क्वचित होते,” डॉक्टर म्हणाल्या. “दहा लाखांत वर्षाला एखाद-दोघांना. हा कॅन्सर नाही. पण चिवट असते, आजूबाजूला चिकटते, परत येऊ शकते. त्यामुळे तुमची माझी गाठ आता दरवर्षी. काढायची ती नाकातून.”

“नाकातून? माझ्या?”

“माझ्यातून काढता आली असती तर डॉक्टरांना प्रशस्त जागा मिळाली असती,” क्लेम म्हणाला.

डॉक्टरांचा ओठ जरा हलला. मेव्हिस मात्र हसली नाही. “परत दिसेल?”

“नसा किती काळ दाबल्या गेल्यात त्यावर आहे. बऱ्याच जणांचं सुधारतं. काहींचं थोडं राहून जातं. आधी सांगता येत नाही. थांबलात, तर मात्र आज दिसतंय तेही जाईल. पुढच्या गुरुवारी करू.”

“गुरुवारी?” मेव्हिस ताठ झाली. “त्या रविवारी सुगीची घंटा आहे. सोमवारी करा ना.”

“त्या रविवारी तू वाजवत नाहीयेस,” क्लेम म्हणाला.

“अजून तेच? डॉक्टर, ऐकताय ना? माझ्या डोक्यात चेरी आहे आणि याला अजून भांडायचंय!”

“भांडत नाहीये.”

“मग एकदा वाजवू दे. नंतर दिसलं नाही तर? माझ्याकडे आहे काय दुसरं, क्लेम? टपाल गेलंच. एकदा तिसरी हातात दे, शेवटची. मग नाकातून काय हवं ते काढा.”

क्लेमने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

“शेवटचं वाजवायला मी कुणाला तिसरी देत नाही,” तो म्हणाला. “परत येऊन वाजवणार असशील तर ती तुझी आहे. कितीही दिवसांनी.”

मेव्हिसने त्याच्याकडे बघितलं, म्हणजे नेमकं त्याच्या नाकाकडे. मग ती डॉक्टरांकडे वळली. “गुरुवारी किती वाजता?”

शुक्रवारी मी तिला भेटायला गेले, तर नाकात कापूस, शेजारी पाण्याचा जग, आणि नर्स तिने काय प्यायलं आणि काय बाहेर गेलं ते मापात मोजत होती. त्या गाठीच्या जागेवरून शरीराची तहानसुद्धा चालते म्हणे. मी पलंगाच्या उजव्या बाजूला उभी राहिले. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मी काही न बोलता हात वर केला.

“दोन,” मेव्हिस भिंतीकडे बघत म्हणाली. “आणि ती बाही अजून शिवली नाहीस.”

मी तिच्या पांघरुणात तोंड खुपसून रडले. ती म्हणत होती, “मला शिंकवू नकोस, मला नाक शिंकरायची बंदी आहे.” डाव्या बाजूचं मात्र काही खरं नव्हतं. तिकडे सावल्या होत्या. “बघू,” डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी त्याहून एक शब्द जास्त दिला नाही.

सुगीच्या रविवारी पाऊण तासाचं ते लांबलचक वाजवणं क्लेमने रद्द केलं. साध्या फेऱ्या घ्यायच्या म्हणाला. एक, दोन, मग रिकामी जागा, चार, पाच, सहा. एक, दोन, रिकामी जागा, चार, पाच, सहा. मी फोन लावून मेव्हिसला ऐकवलं.

“हे काय चाललंय? तिसरी कुठाय?”

“हॉस्पिटलात,” मी म्हटलं.

“अगं मग पाचच सलग वाजवा! काय ते दात पडलेल्या कंगव्यासारखं! सगळं खोरं ऐकतंय! त्याला दे फोन.”

मी दिला. क्लेमने तो कानापासून वीतभर लांब धरला, तरी तिचा आवाज आम्हा सगळ्यांना येत होता. ती दम घ्यायला थांबली तेव्हा तो म्हणाला, “तिथे तिसरी वाजते. ती नसेल तर तिथे काही वाजत नाही.” आणि फोन मला परत दिला.

हिवाळाभर तसंच चाललं. मेव्हिसचं घर चर्चला लागूनच, त्यामुळे दर रविवारी ते भोक तिच्या खिडकीतून आत यायचं आणि ती खिडकी उघडून ओरडायची. तिला वाकायला बंदी, वजन उचलायला बंदी, नाक शिंकरायला बंदी, जन्मभराच्या गोळ्या. वाकायचं नाही म्हणजे बुटांच्या लेसही बांधायच्या नाहीत. तर रोज सकाळी क्लेम तिच्या दारात यायचा, गुडघ्यावर बसायचा आणि लेस बांधायचा.

“जगात बिनलेसचे बूट मिळतात, मेव्हिस.”

“मिळतात. मला आवडत नाहीत.”

“आवळू?”

“जरा. अरे, पाय आहे तो, गवताचा भारा नाही!”

मार्चमध्ये डॉक्टरांनी बंदी उठवली, तरी तो लेस बांधायला येत राहिला. त्याला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. बंदी उठवताना डॉक्टरांनी विचारलं होतं, “घंटेचं वजन किती?” आणि आकडा ऐकून चष्मा काढला होता. मेव्हिसने त्यांना हातवारे करून समजावलं, की घंटा उचलायची नसते, ती आपली आपण फिरते, आपण फक्त तिला वेळ सांगायची. टोबायसच्या वाडग्यात उजवा डोळा स्वच्छ निघाला. डाव्या डोळ्याच्या कडेला वरचा एक कोपरा काळा राहिला. तो तसाच राहील, डॉक्टर म्हणाल्या.

डावीकडे म्हणजे चारकडे. एल्विनकडे.

ईस्टरच्या सकाळी मेव्हिस वर आली, मधे दोनदा थांबून. बाह्या वर केल्या. तिसरीच्या दोरावरच्या लोकरी पकडीवर महिन्यांची धूळ बसली असेल असं मला वाटलं होतं. ती झटकून, धुऊन, फुगवून ठेवलेली होती. मेव्हिसने ती हातात घेतली आणि मग तिने एक गोष्ट केली, जी आमच्याकडे कुणी करत नाही. तिने आपली जागा सोडून पाऊल टाकलं. फक्त अर्धं पाऊल, डावीकडे वळून, म्हणजे चौथीचा दोर त्या काळ्या कोपऱ्याच्या बाहेर आला. आम्ही सगळ्यांनी क्लेमकडे बघितलं. वाकडं उभं राहिलं म्हणून त्याने एकदा प्रत्यक्ष बिशपच्या भावाला दोरावरून उतरवलं होतं.

क्लेमने छताकडे बघितलं. “पहिलीने सुरुवात,” तो म्हणाला.

आणि ते भोक भरलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. साध्या फेऱ्या झाल्या, मग क्रम बदलू लागला. मेव्हिस माझ्यामागे आली, माझ्यापुढे गेली, चारला ओलांडलं, परत आली. एल्विनच्या कपाळावर घाम होता. तिच्या नव्हता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं, तिच्या जागी आलेला नवा टपालवाला असावा. शेवटी क्लेम “बस” म्हणाला आणि सहाही घंटा एकापाठोपाठ स्वस्थ झाल्या.

त्याने दोर बांधला आणि तो फेरीला निघाला.

“एक, सुरुवातीला चाचरलीस. दोन, वळणावर घाई. बाही शिव. चार, घाम पुस, आणि श्वास घ्यायचा असतो वाजवताना. पाच, दर खेपेला जरा उशीर, लग्न झाल्यापासून.”

मग तो मेव्हिससमोर येऊन उभा राहिला. ती कमरेवर हात ठेवून, हनुवटी वर करून, तयार. भांडणाची पहिली चार वाक्यं तिच्या ओठांवर होती, हे मला शेजारून दिसत होतं.

“हं, बोल,” ती म्हणाली. “कुठे आदळले? अर्धं पाऊल सरकले ते सांग. तेही चालेल. बोल ना क्लेम, काय चुकलं माझं?”

क्लेमने खुंटीवरची टोपी घेतली, ती डोक्यावर नीट बसवली, आणि दार उघडून पायऱ्या उतरू लागला.

“अरे! मी विचारतेय तुला!”

खालून फक्त बुटांचा आवाज येत राहिला, एकेक पायरी, गोल गोल, अगदी तालात.